कॉन्झर्व्हेटिव्ह विचार वाचायचाय, पण सुरुवात कुठून करू?

"ताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची, गेली सात वर्षं ओहायोत डेटनजवळ राहते, नवरा आणि मी दोघंही आयटीत. शेजारी एक सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. बर्फ पडला की स्वतःच्या दारातला काढून झाला की आमच्या दारातलाही काढून देतात. राजकीय मतं मात्र आमच्या अगदी उलट. थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, विषय निघाला आणि मी बोलून गेले की तुमच्या बाजूचं मी फक्त टीव्हीवरचं ओरडणं ऐकलंय, वाचलेलं काहीच नाही. ते उठले, आतून एक पुस्तक आणून माझ्या हातात दिलं, 'व्हाय लिबरलिझम फेल्ड'. वीस पानं वाचली आणि अडकले. ग्रुपवरच्या मैत्रिणी म्हणतात कशाला असलं डोक्यात भरून घेतेस. ऑनलाइन बघावं तर दर वर्षाच्या 'बेस्ट' याद्या, कुठली खरी कुठली प्रचाराची कळत नाही. मला एकच वर्ष सांगा ज्यात या विचारात खरंच दम होता, आणि त्या वर्षातली चार-पाच पुस्तकं, कुठलं आधी कुठलं नंतर ते पण सांगा. आणि हे वाचून मी बदलेन का, हाही प्रश्न मनात आहे." (एक वाचक, ओहायो)

अगं, तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि त्यातलं मला सगळ्यात काय आवडलं असेल तर आजोबा उठून आत गेले आणि पुस्तक घेऊन आले ते. वाद घालणारे पुष्कळ भेटतात, कपाटातलं पुस्तक काढून हातात ठेवणारं माणूस क्वचित भेटतं, तेव्हा ते पुस्तक अर्धवट वाचून परत करू नकोस एवढं आधीच सांगून ठेवते.

वर्ष विचारलंस तर माझं उत्तर २०१८. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं, नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्या मंडळींचं आपसातच बिनसलं. तोवर मोकळा बाजार, कमी टॅक्स, तगडं सैन्य, चर्च आणि कुटुंब हे सगळं एकाच ताटात वाढलेलं असायचं आणि हे एकमेकांना पचतं का असं फारसं कोणी विचारत नव्हतं. २०१६ नंतर विचारावंच लागलं. पुस्तक लिहून छापून यायला दीड-दोन वर्षं जातातच, म्हणून २०१८ मध्ये एकदम पीक आलं, आणि ही पुस्तकं एकमेकांशी कडाकडा भांडतात म्हणून तर ती वाचण्यासारखी आहेत. तू त्यांना पक्षाची पुस्तकं समजू नकोस, एका घरातल्या वाटणीचं भांडण शेजारच्या खोलीतून ऐकतेयस असं समज. जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं, गाव की बाजार, राष्ट्र की हाताचं काम, यावर ते भांडण आहे, आणि एकच पुस्तक वाचलंस तर भांडणाची एकच बाजू ऐकू येईल.

आता तू विसाव्या पानावर का अडकलीस ते सांगते, कारण मीही तिथेच अडकले होते. तुझ्या डोक्यात लिबरल म्हणजे डेमोक्रॅट, आपल्याकडच्या भाषेत पुरोगामी. आजोबांनी दिलेल्या पुस्तकाचा लेखक डनीन तो शब्द फार मोठ्या अर्थाने वापरतो. माणूस मुळात एकटा, सुटा, स्वतःची निवड करणारा, आणि सरकार त्याच्या हक्कांच्या रक्षणासाठी आपण करारावर उभं केलेलं, ही जी हॉब्ज आणि लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज विचारवंतांपासून चालत आलेली कल्पना आहे ती सगळी त्याच्या लेखी लिबरलिझम. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे मोकळ्या बाजारवालेही लिबरलच आणि डेमोक्रॅटही लिबरलच. एवढी एक किल्ली हातात घेऊन परत पहिल्या पानावर जा, कुलूप उघडेल.

पण थांब, डनीनच्या आधी एक छोटं पुस्तक वाच. ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटनचं 'कॉन्झर्व्हेटिझम: ॲन इन्व्हिटेशन टू द ग्रेट ट्रॅडिशन'. ब्रिटनमध्ये ते २०१७ ला आलं होतं, अमेरिकेत २०१८ ला. दोनशे पानांच्या आतलं आहे, दोन वीकेंडचं काम. मराठीत आपली पंचाईत अशी की कॉन्झर्व्हेटिव्हला आपण पुराणमतवादी नाहीतर सनातनी म्हणून मोकळे होतो, आणि शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर सोवळं येतं. स्क्रूटन दाखवतो की ही परंपरा किती पसरलेली आहे, तीत अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क आहे, ह्यूम आणि ॲडम स्मिथ आहेत, हेगेल आहे, कविता लिहिणारे कोलरिज आणि एलियट आहेत, रस्किन आहे, तोच रस्किन ज्याचं पुस्तक वाचून गांधीजींनी सर्वोदय लिहिलं. हे सगळे एकमेकांशी पटवून घेणारे लोक नव्हते, पण माणूस जन्मतःच कुणाचा तरी असतो, घराचा, भाषेचा, गावाचा, आणि ते नातं त्याने सही करून घेतलेलं नसतं, हा धागा या सगळ्यांत आहे.

बर्कवर जरा रेंगाळते, कारण आपल्याकडे तो फ्रेंच राज्यक्रांतीला विरोध करणारा एवढाच माहीत असतो. १७९० मध्ये त्याने त्या क्रांतीवरचं 'रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स' हे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं तेव्हा गिलोटिनचा दहशतीचा काळ अजून यायचा होता, आणि समाज म्हणजे जिवंत माणसं, गेलेली माणसं आणि अजून जन्मायची माणसं यांची भागीदारी आहे हे त्याचं म्हणणं तेव्हाचं. पण हाच माणूस त्याआधी अमेरिकन वसाहतींच्या बाजूने पार्लमेंटमध्ये बोलला होता, आणि हाच माणूस बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जच्या मागे वर्षानुवर्षं लागला होता. १७८६ मध्ये त्याने हेस्टिंग्जवर जे आरोप मांडले त्यात बनारसचा राजा आहे, अवधच्या बेगमा आहेत, आणि मराठ्यांशी झालेलं युद्ध आणि तह यावर एक सबंध कलम आहे. खटला १७८८ ते १७९५ चालला, हेस्टिंग्ज सुटला. बर्कचा मुद्दा असा होता की ईस्ट इंडिया कंपनीची माणसं हिंदुस्थानातल्या लोकांचे जुने कायदे, रिवाज, मान, वतनं सगळं पायदळी तुडवतायत, आणि तिथलं राज्य म्हणजे काही कोरी पाटी नव्हे. पॅरिसच्या क्रांतिकारकांबद्दल त्याला जो राग तोच राग कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबांबद्दल. हे एकदा कळलं की कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे सत्तेवर बसलेल्याची पालखी उचलणारा हा समज आपोआप सुटतो, निदान माझा तरी सुटला.

मग डनीन. पॅट्रिक डनीन हा इंडियानातल्या नोट्र डेम विद्यापीठात पॉलिटिकल सायन्स शिकवतो, पुस्तक जानेवारी २०१८ चं, येल विद्यापीठाच्या प्रकाशनाचं. प्रस्तावनेतच त्याने सांगितलंय की लिखाण २०१६ च्या निवडणुकीच्या तीन आठवडे आधी पूर्ण झालं होतं, म्हणजे निकाल बघून सुचलेलं हे शहाणपण नाही. त्याचं म्हणणं असं की लिबरलिझम फसला तो अपुरा पडला म्हणून नव्हे, पुरता यशस्वी झाला म्हणून फसला. माणसाला सगळ्या बंधनांतून सोडवत गेलं की शेवटी तो इतका एकटा पडतो की त्याला धरायला सरकार आणि बाजार या दोनच गोष्टी उरतात, आणि म्हणून व्यक्तिवाद वाढतो तसं सरकारही वाढतं, दोघं शत्रू वाटतात पण हातात हात घालून येतात.

हे असं वाचलं की हवेतलं वाटतं. म्हणून तू सलग वाचू नकोस, आधी टेक्नॉलॉजीवरचं प्रकरण काढ. त्यात तुझ्या ओहायोतलीच माणसं आहेत म्हण ना, आमिश, जुन्या पद्धतीने राहणारा तो ख्रिस्ती पंथ. होम्स काउंटीकडे कधी गेली असशील तर घोड्याच्या काळ्या बग्ग्या बघितल्या असशील. आपण म्हणतो ते लोक टेक्नॉलॉजी नाकारतात. डनीन म्हणतो नाकारत नाहीत, एक प्रश्न विचारतात, या वस्तूने आपण एकमेकांच्या जवळ राहू की लांब जाऊ? आणि त्याला सगळ्यात बोलकं वाटलेलं उदाहरण मोटारीचं किंवा विजेचं नाही, इन्शुरन्सचं आहे. आमिश इन्शुरन्स घेत नाहीत, कारण विमा काढलेला असला की कोठार जळाल्यावर शेजाऱ्याची गरज उरत नाही, चेक येतो आणि काम भागतं. विमा नसला की सगळ्या वस्तीला येऊन कोठार उभारून द्यावं लागतं, आणि द्यावं लागतं म्हणूनच ती वस्ती वस्ती राहते. मी हे वाचून पुस्तक मिटून बसले होते. माझ्या आजोळी, जुन्नरकडे, इर्जिक असायचं, एकाच्या रानात सगळ्यांचे बैल, दिवसभरात नांगरट उरकायची आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. सावड असायची, आज मी तुझ्या शेतात उद्या तू माझ्या. ट्रॅक्टर आला, भाड्याने मिळायला लागला, आणि इर्जिक हा शब्द माझ्या भाचरांना समजावून सांगावा लागतो. ट्रॅक्टर नको होता असं माझ्या मामीला विचारलंस तर ती हात जोडेल, कारण इर्जिकाच्या दिवशी तीस माणसांच्या भाकऱ्या तीच बडवायची. पण त्या ट्रॅक्टरबरोबर काय गेलं याचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि डनीन तो हिशेब मांडायला लावतो.

दुसरं, नव्या उच्चवर्गावरचं जे प्रकरण आहे ते तुझ्या-माझ्यासारख्यांनी वाचायलाच हवं, दुखलं तरी. मोठी कॉलेजं लहान गावांतून हुशार पोरं अशी उचलतात जशी खाणीतून माल काढावा, त्यांच्यावर प्रक्रिया करून दूर कुठेतरी कामाला लावतात, आणि मागे राहतं ते पोखरलेलं गाव. तू नाशिकहून डेटनला गेलीस, आणि डेटनची हुशार पोरं डेटन सोडून किनाऱ्यावरच्या शहरांत गेली. तुझ्या शेजारच्या आजोबांची मुलं कुठे राहतात ग? पत्रात लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे.

आता डनीनशी माझं जिथे पटत नाही ते पण सांगते, कारण नुसती भलामण करायला मी हे लिहीत नाही. बाईने घराबाहेर पडून नोकरी करणं याला आपण मुक्ती म्हणतो, पण त्यात बाई आणि पुरुष दोघंही आणखी मोठ्या बंधनात, म्हणजे बाजाराच्या नोकरीत अडकले, असं तो शेवटी शेवटी म्हणून जातो. अर्धं खरं आहे. पण ज्या गावाची तो आठवण काढतो त्या गावात मामीच्या भाकऱ्यांचा हिशेब नव्हता, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या रानात कोणाचे बैल जात नव्हते, त्याला मुळात रानच नव्हतं. आपल्याकडे ही चर्चा सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलीये. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात मुलीचं वय दहावरून बारा करायचं होतं, टिळकांचं म्हणणं की परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, समाज आतून बदलेल, आणि आगरकरांचा सवाल की तोवर त्या मुलींनी काय करायचं? टिळकांच्या म्हणण्यात बर्कचा सूर ऐकू येतो, आणि तो सूर खोटा नव्हता. पण आगरकरांच्या सवालाला डनीनच्या पुस्तकात उत्तर नाही. मी आगरकरांच्या बाजूची आहे आणि राहीन, तरी पुस्तक तुला वाच म्हणते, कारण प्रश्न त्याचा बरोबर आहे.

मैत्रिणी काय म्हणतील ते म्हणोत, त्यांना एवढंच सांग की जून २०१८ मध्ये ओबामांनी आपल्या वाचनाच्या यादीत हेच पुस्तक घातलं होतं, लेखकाचे बहुतेक निष्कर्ष मला मान्य नाहीत असं स्पष्ट लिहून घातलं होतं. मान्य नसलेलं पुस्तक नीट वाचून त्यातलं बरोबर काय ते उघड सांगणं, हे जमायला हवं आपल्याला.

डनीन संपल्या संपल्या, मध्ये एक दिवसही न घालवता, जोना गोल्डबर्गचं 'सुइसाइड ऑफ द वेस्ट' घे. एप्रिल २०१८ चं आहे, जाडजूड आहे, पण भाषा गप्पा मारल्यासारखी, भरभर जातं. पहिलंच वाक्य असं आहे की या पुस्तकात देव नाही. डनीन ज्याला रोग म्हणतो त्यालाच हा चमत्कार म्हणतो. त्याचं म्हणणं, माणूस हजारो वर्षं गरीब होता, टोळीत राहत होता, परक्याला मारत होता, तीच त्याची नैसर्गिक अवस्था. अठराव्या शतकाच्या आसपास, जवळजवळ योगायोगाने, इंग्लंडच्या कोपऱ्यात असं काही जुळून आलं की व्यक्तीचे हक्क, कायद्याचं राज्य आणि बाजार एकत्र आले आणि गरिबी पहिल्यांदा हटायला लागली. हे झाड आपोआप उगवलेलं नाही, त्याला रोज पाणी घालायला लागतं, आणि पाणी म्हणजे कृतज्ञता. आपण ती विसरलो, म्हणून डावीकडून अस्मितेचं राजकारण आणि उजवीकडून राष्ट्रवाद आणि लोकप्रिय नेत्यांची भक्ती, या दोन्ही वाटांनी माणूस परत टोळीत चाललाय. गोल्डबर्ग तेव्हा नॅशनल रिव्ह्यू या जुन्या कॉन्झर्व्हेटिव्ह नियतकालिकात होता, म्हणजे आपल्याच लोकांना हे सुनावत होता, आणि पुढच्याच वर्षी तो तिथून बाहेर पडून स्वतःचं वेगळं काही उभारायला गेला. मला त्याच्या पुस्तकात खटकतं ते हे की इंग्लंडातला तो चमत्कार घडत होता तेव्हा त्याच इंग्लंडची जहाजं कुठे कुठे फिरत होती, गुलाम आणि कापूस कुठून कुठे जात होता, हे तो नाकारत नाही पण त्यावर जेवढं थांबायला हवं तेवढं थांबत नाही. तरीसुद्धा डनीनच्या गावाच्या मोहातून बाहेर काढायला हे पुस्तक लागतंच. आमच्या वाचनगटात आठ जणांपैकी पाच डनीनच्या बाजूचे झाले होते, गोल्डबर्ग वाचल्यावर तिघं परत आले, दोघं नाही आले, आणि ते दोघं अजून आम्हाला पटवतायत.

योराम हझोनीचं 'द व्हर्च्यू ऑफ नॅशनलिझम' सप्टेंबर २०१८ चं. हा इस्रायली, जेरुसलेममध्ये असतो. तो जगाकडे बघायच्या दोनच पद्धती सांगतो, एकतर स्वतंत्र राष्ट्रं आपापल्या परीने जगतील, नाहीतर कोणीतरी एक सगळ्यांना एकाच नियमाखाली आणू बघेल, आणि त्यालाच तो साम्राज्य म्हणतो, मग ते रोमचं असो, हिटलरचं असो की सह्या करून बनलेलं युरोपियन युनियन असो. एक भाग त्यात फार जवळून लिहिलाय, ऑशविट्झबद्दलचा. युरोपने त्या छळछावणीतून शिकलं की राष्ट्रवाद संपवला पाहिजे, आणि ज्यूंनी त्याच जागेवरून शिकलं की आपलं राष्ट्र नव्हतं म्हणून आपण मेलो. एकच जागा, दोन धडे, आणि ते दोन धडे घेतलेली माणसं एकमेकांना आजही समजू शकत नाहीत. हे समजावून घ्यायला पुस्तक वाच. पण ज्या इंग्लंड-हॉलंडला तो स्वतंत्र राष्ट्रांचा आदर्श म्हणून उभं करतो तेच आशियात दुसऱ्यांच्या उरावर बसले होते, तेव्हा चांगला राष्ट्रवाद हद्द ओलांडून कधी साम्राज्य होतो हे त्याच्या मांडणीत मला नीट सापडलं नाही, तुला सापडलं तर लिही. याच हझोनीने पुढे २०१९ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनला नॅशनल कॉन्झर्व्हेटिझमची परिषद भरवली, त्यामुळे आजची बातमी समजायला हे पुस्तक सगळ्यात उपयोगी, आणि पुस्तक म्हणून माझ्या मते यातलं सगळ्यात कमकुवत.

मध्येच एक तुझ्यासाठी. तू लिहिलं नाहीस, पण सात वर्षं आयटीत आहेस आणि नाशिकची आहेस म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत असशीलच, तुझ्यासारखे हजारो आहेत, एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांच्या वर नाही हा नियम सगळ्यांच्या तोंडपाठ. तर रेहान सलामचं 'मेल्टिंग पॉट ऑर सिव्हिल वॉर' वाच, सप्टेंबर २०१८. बांगलादेशातून आलेल्या आईवडिलांचा ब्रुकलिनमध्ये वाढलेला मुलगा, आणि तो म्हणतो बाहेरून येणाऱ्यांची संख्या आणि निवड दोन्ही आवरा, कौशल्य बघून घ्या, आणि जे आधीच वर्षानुवर्षं इथे आहेत त्यांना माफी द्या आणि त्यांच्या पोरांवर पैसा खर्च करा. त्याच्या सूत्रात तू बसतेस, तुझ्या ऑफिसात रात्री झाडलोट करायला येणारी बाई कदाचित बसत नाही. ते वाचताना स्वतःला बरं वाटतंय का हे बघ, आणि वाटत असेल तर का वाटतंय तेही बघ. बेन सॅस या नेब्रास्काच्या तेव्हाच्या सिनेटरचं 'देम' पण त्याच वर्षीचं, एकटेपणावर, मनापासून लिहिलेलं आहे पण डनीन वाचल्यावर त्यात नवं थोडं, वेळ उरला तर बघ.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांबवलं ते पुस्तक. ओरन कॅस, 'द वन्स अँड फ्युचर वर्कर', नोव्हेंबर २०१८. हा मिट रॉम्नीच्या २०१२ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात देशांतर्गत धोरणांचं काम बघायचा, म्हणजे अगदी आतल्या गोटातला रिपब्लिकन. तो म्हणतो गेली कित्येक दशकं दोन्ही पक्षांनी माणसाकडे गिऱ्हाईक म्हणून बघितलं. वस्तू स्वस्त झाल्या, देशाचं एकूण उत्पन्न वाढलं, आणि ज्याची नोकरी गेली त्याला सरकारी मदतीतून काहीतरी दिलं की झालं, पोळी मोठी झाली ना, मग वाटून खाऊ. पण माणूस नुसता खाणारा नसतो, तो करणारा असतो. स्वतःच्या कामावर घर चालवता येणं, आणि अशा घरांनी वस्ती उभी राहणं, हे धोरणाचं पहिलं माप असायला हवं, स्वस्त टीव्ही नंतर. त्यावरून तो पुढे जातो, सगळ्यांना कॉलेजला ढकलायचा हट्ट सोडा, हाताचं काम शिकवणाऱ्या वाटेला तेवढाच मान आणि पैसा द्या, कमी पगारवाल्याच्या तासाच्या मजुरीत सरकारने थेट भर घाला, कामगारांच्या संघटना नव्या तऱ्हेने उभ्या करा. रिपब्लिकन माणूस युनियनबद्दल आपुलकीने लिहितोय हे बघून मी दोनदा मुखपृष्ठ बघितलं.

माझे वडील मुंबईत लालबागच्या एका कापड मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्यापुरता तो संप कधी संपलाच नाही, वडिलांना परत घेतलंच नाही. आमच्या घरी लाल बावटा, मोर्चे, त्यामुळे मालक आणि सरकार यांच्याबद्दल काय म्हणायचं ते मला लहानपणापासून पाठ होतं. पण एक गोष्ट मला कधी शब्दांत मांडता आली नव्हती. वडिलांना सवय होती, लग्नाला गेलो, दुकानात गेलो, कोणी पाहुणा आला, की त्याच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून चोळायचे आणि सांगायचे, सूत कसलंय, वीण कुठे ढिली पडलीय, ताणा कुठे तुटून परत जोडलाय. आई ओरडायची, परक्या माणसाचा शर्ट काय धरता. नंतर ते एका बिल्डिंगला वॉचमन झाले, पगार अगदीच वाईट नव्हता, आम्ही उपाशी कधी राहिलो नाही, माझं कॉलेज झालं, भावाचं झालं. पण त्यांनी कापड हातात धरणं सोडलं. माझ्या लग्नात शालू आणला तेव्हा सगळे म्हणाले बघा कसा आहे, त्यांनी नुसतं लांबून बघितलं आणि छान आहे म्हणाले. मला तेव्हा राग आला होता.

कॅसचं पुस्तक वाचताना मला तो शालू आठवला, आणि जे आमच्या मोर्च्यातल्या भाषणांत कधी आलं नव्हतं ते एका रिपब्लिकन माणसाच्या, आकड्यांनी भरलेल्या, तशा रुक्षच म्हणाव्या अशा पुस्तकात मला सापडलं. त्याची सगळी औषधं मला पटलेली नाहीत. पर्यावरणाच्या नियमांचा खर्च-फायदा मोजायची त्याची पद्धत मला धोक्याची वाटते, आणि मालकांकडे तो जरा जास्तच मऊपणे बघतो. पण रोग त्याने बरोबर ओळखलाय.

म्हणून, मी बदलेन का असं विचारतेस तर हो, थोडी बदलशील. मत कोणाला द्यायचं ते बदलेल असं नाही, माझं बदललं नाही. पण समोरचा माणूस काय हरवलंय म्हणून चिडलाय हे तुला आधी दिसायला लागेल आणि तो काय बोलतोय हे नंतर ऐकू येईल, आणि तसं झालं की वाद घालायची खुमखुमी कमी होते, प्रश्न विचारावेसे वाटतात. याचा त्रास पण होतो, ग्रुपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड बघून गप्प बसवत नाही. ते सांभाळून घे.

तर आधी स्क्रूटन, मग डनीन, आमिशवाल्या प्रकरणापासून, लगेच गोल्डबर्ग, मग हझोनी, आणि शेवटी कॅस. सलाम मध्ये कुठेही. विकत घ्यायची गरज नाही, तुमच्या काउंटीच्या लायब्ररीत बहुतेक सगळी मिळतील, लिबी ॲपवर होल्ड टाकून ठेव, स्क्रूटनचा आजच टाक. डनीनची आजोबांची प्रत आहे ती पेन्सिलने खुणा केलेली आहे का बघ, असेल तर त्यांच्या खुणा आधी वाच, तुझ्या वेगळ्या कागदावर कर.

आणि कॅस संपेपर्यंत थांबू नकोस, येत्या बर्फात ते दारात आले की कॉफी घेऊन बाहेर जा आणि विचार की कारखान्यात तुमचं काम नेमकं काय होतं, कुठल्या मशीनवर होतात, गाडीचा कुठला भाग तुमच्या हातून जायचा. ते हाताने दाखवून सांगतील. मला लिहून कळव काय म्हणाले ते.